एम-वन: पहिल्या तासाआधी कुणीतरी सांगायला हवं होतं ते

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या वेळापत्रकात ‘इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स-वन’ असं लांबलचक नाव छापलेलं असतं. ते आठवडाभरही टिकत नाही. सगळे त्याला एम-वनच म्हणतात. बारावीचं कॅल्क्युलस जिथे थांबतं तिथून हा विषय पुढे निघतो: मीन व्हॅल्यू थिअरम, टेलर आणि मॅक्लॉरिनच्या सिरीज, पार्शल डिफरन्शिएशन, मॅक्झिमा-मिनिमा, आणि जोडीला मॅट्रिक्स. विद्यापीठानुसार थोडं इकडचं तिकडे होतं, पण घर तेच.

मी हा विषय बरीच वर्षं शिकवते आणि त्याचे पेपरही तपासते. केटी लागलेल्यांमध्ये, म्हणजे विषय राहून तो पुन्हा द्यावा लागलेल्यांमध्ये, गणित अजिबात न येणारी मुलं मला कमीच भेटली. बाकीच्यांचं दोनपैकी एक झालेलं असतं. एक तर नियम उशिरा कळले, नाहीतर सीईटीची, म्हणजे प्रवेश परीक्षेची, सवय सुटली नाही. ज्यांच्या घरात किंवा गल्लीत आधी कुणी इंजिनीअर झालंय त्यांना दादा-ताई हे सगळं चहाच्या टपरीवर सांगून मोकळे होतात. ज्यांना असा दादा नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी तुमचा पॅटर्न शोधा

प्रवेशाची कागदपत्रं जमा झाली की पहिलं काम पुस्तक विकत घेणं नव्हे. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर जाऊन तुमच्या बॅचचा सिलॅबस उतरवून घ्या. त्याच्या सुरुवातीच्या पानांवर एक तक्ता असतो. कुठल्या विषयाला किती गुण, ते कसे विभागलेत आणि किती क्रेडिट, हे सगळं त्यात आहे. मुलं तो तक्ता ओलांडून थेट युनिटवर जातात. खरा मजकूर त्या तक्त्यातच आहे.

उदाहरणं देते म्हणजे फरक लक्षात येईल. पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या पॅटर्नमध्ये एम-वनला ३० गुणांची इन-सेम (सेमिस्टरच्या मधली परीक्षा), ७० गुणांची एंड-सेम (शेवटची परीक्षा) आणि वर २५ गुणांचं टर्मवर्क (ट्युटोरियलचं काम) होतं. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या योजनेत २० गुण अंतर्गत चाचण्यांचे, ८० लेखी परीक्षेचे आणि २५ टर्मवर्कचे होते. लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाने २० गुण सेमिस्टरभराच्या मूल्यमापनाला, २० मिड-सेमला आणि ६० एंड-सेमला दिले. नव्या शैक्षणिक धोरणानंतर हे पॅटर्न बदलत चालले आहेत, आणि तुमचं कॉलेज स्वायत्त असेल तर त्याचं नियमपुस्तक वेगळंच. म्हणून दोन वर्षं पुढच्या सीनियरने प्रेमाने दिलेला सल्लासुद्धा तक्त्याशी ताडून घ्या. सीनियर खोटं बोलत नाही, त्याचा पॅटर्न जुना असतो एवढंच.

तक्त्यात आणखी एक गोष्ट शोधायची: पासिंग कुठे कुठे वेगळं आहे. मुंबईच्या त्या योजनेत अंतर्गत २० पैकी ८ आणि लेखी ८० पैकी ३२, दोन्ही वेगवेगळे लागायचे. लेखीला ५५ पाडलेत आणि अंतर्गतला ६, तरी तुम्ही नापास. बेरीज ६१ होते, मग नापास कसा, असं विचारत पालक येतात तेव्हा मला वाईट वाटतं. पण तक्ता पहिल्या दिवसापासून तिथेच होता.

शेवटच्या राउंडला आलात का?

कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, राउंड लांबतात आणि कॉलेज थांबत नाही. शेवटच्या राउंडची मुलं वर्गात येतात तेव्हा पहिलं युनिट निम्मं होऊन गेलेलं असतं, आणि नेमकं तेच पुढच्या सगळ्याचा पाया असतं. आल्या दिवशी तीन गोष्टी करा. सीआरकडून, म्हणजे वर्ग प्रतिनिधीकडून, वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नाव घालून घ्या. जीएफएम सरांना किंवा मॅडमना भेटून तुमची हजेरी कुठल्या तारखेपासून धरणार ते विचारा. आणि ज्याचं अक्षर वाचता येतं अशा एकाची वही घेऊन सुटलेली उदाहरणं हाताने उतरवून काढा. वहीचे मोबाईलवर फोटो काढले तर ते फोटोच राहतात.

जीएफएम म्हणजे तुमच्या तुकडीतल्या वीसेक मुलांची जबाबदारी असलेले शिक्षक. काही कॉलेजांत त्यांना मेंटॉर किंवा टीजी म्हणतात. घरी आजारपण आलं, हॉस्टेल मिळालं नाही, स्कॉलरशिपचा अर्ज अडकला आणि फी थकली, तर हे आधी त्यांच्या कानावर घाला. आधी सांगितलेल्या अडचणीला कारण म्हणतात. तीच गोष्ट सबमिशनच्या दिवशी सांगितली की तिला सबब म्हणतात. आमची माणसंही शेवटी माणसंच.

हजेरीचं गणित

७५ टक्के हजेरीचा नियम बहुतेक ठिकाणी आहे. आठवड्याला ३ लेक्चर आणि १२ आठवडे धरले तर ३६ लेक्चर होतात. त्यांतली २७ तुम्ही बसायची, ९ बुडाली तर चालतात. नऊ ऐकायला पुष्कळ वाटतात. कोकणातला मुलगा गणपतीला आठ-दहा दिवस गावी गेला की चार गेली. ताप आला, तीन गेली. गॅदरिंगची प्रॅक्टिस, दोन गेली. आता शिल्लक शून्य आणि महिना ऑक्टोबर.

या नियमाबद्दल माझं खाजगी मत फार चांगलं नाही. वर्गात बसून मोबाईल बघणारा पात्र ठरतो आणि घरी बसून दोनशे उदाहरणं सोडवणारा डिफॉल्टर यादीत येतो. पण मत माझं असलं तरी यादी नोटीस बोर्डवर लागते, आणि त्या यादीतल्या मुलाला हॉल तिकिटासाठी आई-वडिलांना सोबत आणावं लागतं. वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडवून त्यांना कॉलेजच्या पायऱ्यांवर बसवायचं नसेल, तर हा नियम पाळा. मेडिकल सर्टिफिकेट बरं होऊन आल्याच्या आठवड्यात द्या. सेमिस्टर संपताना दिलेल्या सर्टिफिकेटकडे सगळे संशयानेच पाहतात.

ट्युटोरियल, फाईल आणि सही

लेक्चरला सगळा वर्ग एकत्र असतो. ट्युटोरियलला वीस-पंचवीस जणांची एक बॅच असते आणि तिथे उदाहरणं तुम्ही सोडवायची असतात. टर्मवर्कचे २५ गुण इथे ठरतात. प्रत्येक ट्युटोरियलचा एक शीट असतो, तो सोडवायचा, फाईलला लावायचा, तपासून सही घ्यायची. सेमिस्टर संपताना सर्टिफिकेटचं पान लावून फाईल सबमिट करायची. सह्या त्या त्या आठवड्यात घेत गेलात तर काम पाच मिनिटांचं. सबमिशनच्या आदल्या रात्री सहा शीट उतरवणारी हॉस्टेलची खोली मी पाहिलेली नाही, पण तिथून आलेल्या फाईली पाहिल्या आहेत. एकाने मूळ फाईलमध्ये वजाचं चिन्ह विसरलेलं असतं आणि ते सोळा फाईलींमधून तसंच्या तसं विसरलेलं येतं.

उतरवण्यावरून आठवलं. लिमिट काढायच्या ज्या नियमाला तुम्ही ‘एल-हॉस्पिटल रूल’ म्हणता त्याचा उच्चार लॉपिताल. हे एक फ्रेंच सरदार होते. १६९६ साली त्यांच्या पुस्तकात हा नियम छापला गेला, पण तो शोधला होता योहान बर्नूली यांनी. लॉपितालनी बर्नूलींना वर्षाला ३०० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) देऊन त्यांचे शोध मिळण्याची व्यवस्था करून ठेवली होती. म्हणजे दुसऱ्याकडून सोडवून घ्यायची परंपरा जुनी आहे. फरक एवढाच की लॉपितालना डिसेंबरात पेपर द्यायचा नव्हता.

फाईल एकत्र बसून सोडवायला माझी हरकत नाही. एकाने पद्धत सांगावी, दुसऱ्याने प्रश्न विचारावा, यातून गणित येतं. एकच चाचणी लावून पाहा: मित्राची वही मिटल्यावर तेच उदाहरण कोऱ्या कागदावर पुन्हा सुटतं का? सुटलं तर फाईल तुमची, नाहीतर अक्षर तेवढं तुमचं.

सीईटीची सवय मोडा

आता मुख्य दुखणं. एमएचटी-सीईटीला गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकी २ गुण, चुकल्याला वजाबाकी नाही. प्रश्नाला पावणेदोन मिनिटं. त्यासाठी तुम्ही दोन वर्षं पर्याय उलटे ठेवून बघणं, पायऱ्या मनात करणं, शॉर्टकट पाठ करणं शिकलात. त्या परीक्षेला ते बरोबरच होतं. एम-वनच्या लेखी पेपरात मात्र गुण उत्तराला थोडे आणि पायऱ्यांना पुष्कळ आहेत.

साधं उदाहरण घ्या. एक्स वर्ग वजा चार एक्स अधिक तीन या फंक्शनसाठी १ ते ३ या इंटरव्हलमध्ये रोलचा थिअरम पडताळा, असा चार गुणांचा प्रश्न आहे. सीईटीतून आलेला मुलगा डेरिव्हेटिव्ह काढतो, दोन एक्स वजा चार, ते शून्य धरतो, सी बरोबर २ लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. उत्तर बरोबर आहे. माझ्या हातून त्याला एक, फार तर दीड गुण मिळतो.

कारण प्रश्न ‘पडताळा’ असा आहे. थिअरमच्या तीन अटी आहेत. फंक्शन बंद इंटरव्हलमध्ये कंटिन्युअस आहे का? हो, कारण ते पॉलिनॉमिअल आहे, आणि हे कारण लिहायचं. आतल्या खुल्या इंटरव्हलमध्ये डिफरन्शिएबल आहे का? तेही त्याच कारणाने, आणि तेही लिहायचं. दोन्ही टोकांना किंमत सारखी येते का? १ ठेवल्यावर शून्य, ३ ठेवल्यावरही शून्य, हे करून दाखवायचं. मग डेरिव्हेटिव्ह, मग सी बरोबर २, आणि शेवटी एक ओळ: हा २ खुल्या इंटरव्हलच्या आत येतो, म्हणून थिअरम पडताळला गेला. ही शेवटची ओळ लिहायला सहा सेकंद लागतात आणि वर्गातली निम्मी मुलं ती लिहीत नाहीत.

अटी न बघता नियम लावायची सवय पुढे जास्त महाग पडते. लिमिटचं उदाहरण दिसलं की हात आपोआप लॉपितालकडे जातो. कॉस एक्स भागिले एक अधिक एक्स, एक्स शून्याकडे जातोय. थेट शून्य ठेवलं तर उत्तर १. पण मुलगा वरचं डिफरन्शिएट करतो, खालचं करतो, वर वजा साईन एक्स येतं, खाली १, आणि उत्तर लिहितो शून्य. शून्य भागिले शून्य किंवा अनंत भागिले अनंत असं रूप आहे की नाही, हे त्याने पाहिलंच नाही. माझ्या वर्गात लॉपिताल वापरण्याआधी कंसात ते रूप लिहायची सक्ती आहे. मुलं कुरकुरतात.

पार्शल डिफरन्शिएशनमध्ये ऑयलरच्या थिअरमची अशीच एक फसगत आहे, आणि ती पेपरात हमखास येते. यू म्हणजे टॅन इनव्हर्स, त्याच्या आत एक्सचा घन अधिक वायचा घन, भागिले एक्स वजा वाय. विचारलेलं असतं: एक्स गुणिले यूचा एक्सने पार्शल डेरिव्हेटिव्ह, अधिक वाय गुणिले यूचा वायने पार्शल डेरिव्हेटिव्ह, किती? आतला भाग दोन डिग्रीचा होमोजिनिअस आहे हे सगळ्यांना दिसतं, आणि उत्तर म्हणून ‘२ यू’ लिहून मोकळे होतात. पण होमोजिनिअस यू नाही, टॅन यू आहे. थिअरम टॅन यूला लावायचा. मग एका बाजूला सेक वर्ग यू येतं, दुसऱ्या बाजूला दोन टॅन यू, आणि भागून उत्तर येतं साईन दोन यू. हे एकदा कोऱ्या कागदावर स्वतः करून पाहा. एकदा हाताखालून गेलं की आयुष्यभर चुकणार नाही, आणि नुसतं वाचलं तर पेपरात नक्की चुकेल.

डाउट विचारायला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. ‘मॅडम, पार्शल कळलं नाही’ याला माझ्याकडे उत्तर नाही. ‘इथपर्यंत आलो, ही ओळ कुठून आली कळलं नाही’ याला दोन मिनिटांचं उत्तर आहे. स्टाफ रूमच्या दाराशी घुटमळणारी मुलं बहुधा खेड्यातली असतात आणि त्यांना वाटतं आपला प्रश्न बावळट आहे. इंग्रजी अडत असेल तर मराठीत विचारा. आम्ही आत बसून मराठीतच बोलत असतो.

इन-सेमला हलकं घेऊ नका

‘तीसच गुण आहेत, एंड-सेमला भरून काढू’ असं म्हणणारा एक तरी प्रत्येक बाकावर असतो. पण पहिल्या चाचणीला अभ्यासक्रम थोडा असतो, प्रश्न बरेचसे ठरलेले असतात आणि इतर विषयांचा बोजाही अजून वाढलेला नसतो. इतके स्वस्त गुण नंतर मिळत नाहीत. ३० पैकी २२ हातात असतील तर १०० पैकी ४० च्या पासिंगसाठी पुढच्या ७० मधून १८ ची गरज राहते. एंड-सेमचं वेगळं पासिंग असेल तर ते धरून चाला. ७ असतील तर ३३ लागतात, आणि तेही पार्शल, त्याचे उपयोग आणि मॅट्रिक्स अशा जड युनिटांमधून.

मागच्या पाच-सहा परीक्षांचे पेपर मिळवा आणि घड्याळ लावून सोडवा. ‘प्रश्न एक किंवा दोन, तीन किंवा चार’ अशी रचना असेल तर प्रत्येक जोडीत एक प्रश्न पूर्ण येणं हे ध्येय ठेवा. एखादं युनिट पूर्ण सोडून द्यायचा सल्ला सर्रास दिला जातो. पासिंगपुरता तो चालून जातो, पण सोडलेलं पार्शल पुढच्या सेमिस्टरच्या गणितात, म्हणजे एम-टूच्या मल्टिपल इंटिग्रल्समध्ये तुमची वाट बघत उभं असतं.

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांची तऱ्हा वेगळी. त्यांना एम-वन नाही, एम-टू नाही, समोर थेट एम-थ्री. त्यांनी सुट्टीत निदान पार्शल आणि इंटिग्रेशन कुणाच्या तरी वहीतून करून यावं.

कॅल्क्युलेटर

नॉन-प्रोग्रामेबल सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्या. बहुतेकांकडे कॅसिओचा एफएक्स-९९१ मालिकेतला असतो. तो त्रिघाती समीकरणाची उत्तरं काढतो, त्यामुळे मॅट्रिक्सच्या आयगेन व्हॅल्यू ताडून घेता येतात. पायऱ्या मात्र कागदावर हव्याच.

एकच धोका आहे, पण तो दरवर्षी चार-पाच जणांना बुडवतो. कॅल्क्युलस रेडियनमध्ये चालतं. साईन एक्सच्या सिरीजमध्ये एक्सच्या जागी १ ठेवून पहिल्या तीन टर्म घेतल्या, म्हणजे १ वजा एक षष्ठांश अधिक एकशे वीसांश, की येतात ०.८४१७. कॅल्क्युलेटर रेडियनवर असेल तर तो ०.८४१५ दाखवतो, म्हणजे तुमची सिरीज ठीक. डिग्रीवर असेल तर ०.०१७५ दाखवतो, आणि मुलगा बरोबर सोडवलेलं खोडतो. पेपर हातात पडण्याआधी पडद्यावरचा ‘आर’ बघा. कॅल्क्युलेटर घरी विसरलात तर परीक्षेच्या हॉलमध्ये दुसऱ्याचा मागता येत नाही.

कॅल्क्युलेटरच्या झाकणावर पेन्सिलने लिहिलेली सूत्रं हीसुद्धा कॉपीच. ‘ती सरावाची होती, पुसायची राहिली’ हे खरं असलं तरी कोण मानणार? विद्यापीठ आणि बोर्डाच्या परीक्षांमधल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्रात १९८२ चा कायदा आहे. झाकण आदल्या रात्री पुसा. मोबाईल बॅगेत बंद करून बाहेर ठेवा.

पुरवणी घेतली की आधी ती घेतल्याची नोंद करा, मग लिहा. उदाहरण अर्धवट राहिलं तर खोडू नका. तुम्ही काट मारलेलं मला तपासता येत नाही, आणि त्यात दोन गुणांच्या पायऱ्या असतात.

निकालानंतर

केटी लागली तर आधी रडून घ्या, पण तारखा बघून. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायला मोजके दिवस असतात आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज त्यानंतर करायचा असतो. फोटोकॉपी आली की विषयाच्या शिक्षकांना दाखवा. गुण मिळण्यासारखे आहेत का ते आम्ही पाच मिनिटांत सांगतो. नुसत्या आशेवर अर्जाची फी भरू नका.

दुसऱ्या वर्षात जायला किती क्रेडिट लागतात ते तुमच्या नियमपुस्तकात पाहा. सहसा केटी घेऊन दुसऱ्या वर्षात जाता येतं, पण पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षाचं दार उघडत नाही. राहिलेला एम-वन पुढच्याच संधीला काढा, डोक्यात ताजा असताना. निकाल हाती येईपर्यंत एम-टूची लेक्चर सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात, आणि तिथेही हजेरी पहिल्या दिवसापासून लागते.